सायकलस्वारांच्या तीनशे नोंदी गोळा झाल्या, आता त्यांचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. एका सायकल गटाने वर्षभरापूर्वी ऑनलाइन नकाशा सुरू केला. त्यावर कोणीही ठिपका टाकून आपला अपघात, थोडक्यात टळलेला प्रसंग किंवा रस्त्यातला धोका लिहू शकतो. तीनशेच्या वर नोंदी आल्या. गट तो नकाशा घेऊन रस्ते विभागाकडे गेला, तर 'पोलिसांच्या दप्तरी इथे एकही अपघात नाही' एवढं ऐकून परत आला. आता या नोंदींचा उपयोग कसा करायचा, फॉर्ममध्ये काय बदलायचं आणि गाड्यांचे नंबर घ्यायचे का, असं त्यांनी विचारलंय.

रस्ता सुरक्षेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्यातली काही टेबलाच्या त्या बाजूला, जिथे लोक असे नकाशे घेऊन येतात, आणि नंतरची तुमच्या बाजूला. म्हणून आधी त्या टेबलामागच्या माणसाला काय दिसलं असेल ते सांगतो. त्याला लाल ठिपक्यांनी भरलेला मुख्य रस्ता दिसला. त्याच्या मनात लगेच आलं की तिथे सायकली जास्त, म्हणून ठिपकेही जास्त. आणि त्याचं काही चुकलं नाही. गर्दीच्या रस्त्यावर गर्दी असते, एवढंच तुमच्या नकाशाने त्याला सांगितलं. वर 'कारवाई करा' अशी मागणी, पण कुठल्या कोपऱ्यावर कोणती कारवाई, ते कुठेच नाही. त्याने पोलिसांचं दप्तर पुढे केलं कारण ती पळवाट सोपी होती.

तरी त्या दप्तराबद्दल बोलायला हवं, कारण हे वाक्य तुम्हाला पुन्हा ऐकायला मिळणार आहे. पोलिसांकडे पोचतात ते मुख्यतः कोणी जखमी झालेले, आणि त्यातही समोर दुसरं वाहन असलेले प्रसंग. गटाराच्या जाळीत चाक अडकून एकटाच पडलेला, कोपर खरचटलेला माणूस सायकल उचलतो, हँडल सरळ करतो आणि घरी जातो. त्याची नोंद कोण घेणार? अशी एकट्याने पडण्याची प्रकरणं दवाखान्यांमध्ये जेवढी दिसतात त्याच्या तुलनेत पोलिसांकडे फारच कमी दिसतात, हे देशोदेशी आढळलेलं आहे. टळलेला अपघात तर कुठल्याच वहीत जात नाही. त्यामुळे 'एकही अपघात नाही' हे वाक्य खरं असूनही त्यावरून काही ठरवता येत नाही. शिवाय गंभीर अपघात एका ठिकाणी क्वचितच होतात. खराब चौकही पाच वर्षं कोरा राहू शकतो. दप्तरात नाव यायची वाट बघायची म्हणजे कोणाचं तरी रक्त सांडायची वाट बघायची.

इथे तुमच्या नोंदी कामाला येतात. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातून २०१४ मध्ये सुरू झालेला बाइकमॅप्स हा नकाशा नेमक्या याच पोकळीसाठी आहे. टक्कर, थोडक्यात वाचलेला प्रसंग, धोका आणि सायकलचोरी अशी त्याची वर्गवारी. तुमच्या फॉर्मचा तो एका अर्थाने चुलतभाऊच.

पण एक सावधगिरी. १९३१ मध्ये हाइनरिक नावाच्या विमा क्षेत्रातल्या माणसाने कारखान्यांतल्या अपघातांवरून एक प्रमाण मांडलं: एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ आणि ३०० दुखापत न झालेल्या घटना. त्याचा त्रिकोण आजही प्रत्येक सुरक्षा प्रशिक्षणात भिंतीवर झळकतो. तो घेऊन अधिकाऱ्याकडे जाऊ नका. 'आमच्या तीनशे नोंदी झाल्या, म्हणजे आता एक मोठा अपघात होणार' असं गणित रस्त्यावर चालत नाही, कारण सगळे टळलेले प्रसंग एका जातीचे नसतात. शेजारून कट मारून जाणारी गाडी रोज घाबरवते आणि तिच्या नोंदी ढिगाने येतात. चौकात वळणारा ट्रक मात्र वर्षातून दोनदाच कोणी लिहितो. तरीही अनेक शहरांत सायकलस्वारांच्या मृत्यूंमध्ये वळणाऱ्या अवजड वाहनांचा वाटा त्यांच्या रस्त्यावरच्या संख्येच्या मानाने फार मोठा असतो. फक्त ठिपके मोजले तर कट मारणाऱ्या मोटारी पहिल्या आणि ट्रक शेवटचा, असा उलटा क्रम लागेल. म्हणून नोंदी मोजण्याआधी त्यांची प्रकारानुसार विभागणी करा आणि ज्या प्रकारात माणूस मरू शकतो तो वर ठेवा, मग त्याच्या दोनच नोंदी का असेनात.

माझं या सगळ्याबद्दलचं मत एका वाक्यात सांगायचं तर नोंद म्हणजे पत्ता. कुठे जाऊन उभं राहायचं आणि तिथे काय बघायचं, हे ती सांगते. किती धोका आहे याचं माप तिच्यात नसतं. पत्त्यावर न जाताच निष्कर्ष काढले की टेबलामागचा माणूस जिंकतो.

हे मला एका तिठ्याने शिकवलं. वर्षभरात तिथल्या दहा-अकरा नोंदी आल्या होत्या. प्रत्येकात जवळपास एकच वाक्य: 'बाजूच्या रस्त्यावरून गाडी आली, चालकाने बघितलंच नाही.' आम्ही त्यावर 'चालकांचा निष्काळजीपणा' असा शिक्का मारून फाइल मिटवण्याच्या बेतात होतो. आमच्या फॉर्ममध्ये सायकल कोणत्या दिशेने चालली होती, हा रकानाच नव्हता. एका सहकाऱ्याने चिकाटीने ज्यांचे फोन होते त्या सगळ्यांना फोन लावले. निघालं असं की एक सोडून सगळे पूर्वेकडून पश्चिमेकडे चालले होते, सकाळी, आणि बहुतेक हिवाळ्यात. आम्ही थंडीतल्या एका सकाळी तिथे जाऊन बाजूच्या रस्त्यावर गाडीत चालकाच्या जागी बसलो. येणारी सायकल बघायला मान पूर्वेला वळवली की क्षितिजाच्या जेमतेम वर आलेला सूर्य थेट डोळ्यांत. वर कोपऱ्यावरच्या कुंपणाची झुडपं इतकी वाढलेली की गाडीचं नाक मुख्य रस्त्यात बरंच पुढे काढल्याशिवाय काही दिसायचं नाही. चालकाने बघितलंच नाही, हे अक्षरशः खरं होतं.

सूर्य काही हलवता येत नाही. पण झुडपं छाटता आली, बाजूच्या रस्त्याचं तोंड अरुंद करून थांबरेषा पुढे घेता आली, आणि तिथला रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत उचलल्यामुळे गाड्या मुख्य रस्त्यावर मुंगीच्या पावलाने येऊ लागल्या. ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, ३० च्या वेगात ८ मीटरच्या थोडं वर. डोळे दिपलेल्या माणसाला एक सेकंद जास्त मिळतो की नाही, यावरच सगळं असतं.

तर फॉर्ममध्ये पहिला बदल हा करा: नकाशावर ठिपक्याऐवजी बाण. तुम्ही कुठून कुठे चालला होतात आणि समोरचा कुठून कुठे. या दोन बाणांतून जेवढं कळतं तेवढं अर्ध्या पानाच्या वर्णनातूनही कळत नाही. दुसरं, प्रसंग कधी घडला आणि नोंद कधी भरली या वेळा वेगळ्या ठेवा. लोक रात्री घरी बसून सकाळचा प्रसंग लिहितात आणि फोन बिनदिक्कत रात्रीची वेळ टाकतो. ठिपक्याचंही तेच. घरून भरलेल्या नोंदीचा ठिपका कधी थेट घरावर पडतो, कधी अंदाजाने जवळच्या चौकाच्या मधोमध. उंच इमारतींमध्ये तर जागेवरून टाकलेला ठिपकाही दहा-वीस मीटर इकडे-तिकडे सरकतो, म्हणजे रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊ शकतो. म्हणून 'जवळची खूण सांगा' असा एक छोटा रकाना ठेवा. 'बसथांब्याच्या पुढचं दुसरं झाड' हे अक्षांश-रेखांशापेक्षा पुष्कळदा अचूक असतं.

दुखापतीचे चार पर्याय पुरे: काही नाही, घरच्या घरी उपचार, डॉक्टरांकडे जावं लागलं, रुग्णालयात दाखल. रस्ता ओला होता का, उजेड होता का. आणि 'काय झालं ते तुमच्या शब्दांत' यासाठी मोकळी जागा. चूक कोणाची, हा प्रश्न मात्र काढून टाका. तो विचारला की माणूस बघितलेलं सांगायचं सोडून वकिली करायला लागतो. फॉर्म दोन मिनिटांत संपला पाहिजे. अंगावर अजून काटा असलेला माणूस पंधरा रकाने भरत नाही, आणि जो भरतो तो दर आठवड्याला भरतो. (प्रत्येक नकाशावर असे दोन-तीन अथक नोंदकर्ते असतातच. त्यांचे आभार माना, पण एका माणसाच्या चाळीस नोंदी आणि चाळीस माणसांच्या चाळीस नोंदी वेगळ्या मोजा.)

जुन्या तीनशे नोंदी घेऊन बसाल तेव्हा आधी दोन ढीग करा. उघडं चेंबर, तुटलेलं झाकण, खड्डा, बंद पडलेला दिवा, रस्त्यावर सांडलेली खडी हा दुरुस्तीचा ढीग. त्याला विश्लेषण लागत नाही, तो त्याच दिवशी देखभाल करणाऱ्यांकडे गेला पाहिजे. उघडं चेंबर तिमाही अहवालात छापण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. ब्रिटनमध्ये २००७ पासून चालू असलेलं फिक्समायस्ट्रीट हेच करतं: ठिपका कुठे पडला त्यावरून जबाबदार प्रशासन शोधून तक्रार थेट त्यांच्याकडे धाडतं, आणि चार आठवड्यांनी तक्रारदाराला विचारतं की काम झालं का. हा उलटा प्रश्न फार मोलाचा आहे. आपण लिहिलेलं कोणी वाचलं हे कळलं, तरच माणूस दुसऱ्यांदा लिहितो.

दुसरा ढीग रस्त्याच्या रचनेचा. खरं काम तिथे आहे. यातली प्रत्येक नोंद वाचून काय घडत होतं त्याचा प्रकार लिहा. वळणाऱ्या वाहनाने सरळ जाणाऱ्या सायकलला कापलं. समोरून येऊन वळणाऱ्याने अंदाज चुकवला. बाजूच्या रस्त्यातून कोणी बाहेर आलं. कट मारून ओव्हरटेक. उभ्या गाडीचं दार उघडलं. एकट्याने घसरणं. प्रकार कळला की उपायही बराचसा कळतो. दाराच्या नोंदी एका रांगेत असतील तर सायकलची पट्टी पार्किंगला चिकटून आखलेली असणार, पट्टी आणि गाड्यांमध्ये दार उघडेल एवढी जागा सोडावी लागेल. वळणारी वाहनं कापत असतील तर कोपऱ्याची गोलाई फार मोठी असेल, गाड्या वेग न घटवता वळत असतील. कोपरा टोकदार करा, किंवा सिग्नलला सायकलला काही सेकंद आधी हिरवा द्या. एकट्याने पडणाऱ्यांच्या नोंदींकडे कोणी फारसं बघत नाही, पण त्या सगळ्यात सोप्या असतात. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर त्या आडव्या करायच्या. ट्रामचे रूळ असतील तर सायकलची वाट अशी वळवायची की चाक रुळाला शक्यतो काटकोनात ओलांडेल. साठ अंशांच्या खालच्या कोनात चाक खाचेत शिरायला वेळ लागत नाही, आणि पावसात तर नाहीच.

'कट मारला' या नोंदींबद्दल अधिकारी हमखास म्हणतात, हा चालकांच्या वागण्याचा प्रश्न, आमचा नाही. एका चालकाने मारला तर तसं म्हणता येईल. पण त्याच शंभर मीटरमध्ये वीस वेगवेगळे चालक तेच करत असतील तर तो रस्ताच त्यांच्याकडून ते करवून घेतोय. बहुतेक वेळा तिथे दुभाजक सुरू झाल्यामुळे पट्टा आक्रसलेला असतो: सायकलमागे थांबायला नको वाटावं इतका रुंद आणि सुरक्षित ओलांडायला अपुरा. फीत घेऊन जा आणि कर्बपासून दुभाजकापर्यंतचं अंतर मोजा.

कट किती जवळून मारतात याचं माप हवं असेल तर तेही आता काढता येतं. बर्लिनमध्ये टागेसश्पीगल या वृत्तपत्राने २०१८ मध्ये शंभर वाचकांच्या सायकलींवर अंतर मोजणारे सेन्सर बसवले होते. निम्म्याहून जास्त गाड्या दीड मीटरपेक्षा कमी अंतरावरून गेल्याचं त्यात दिसलं. जर्मनीत एप्रिल २०२० पासून वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडणं नियमातच लिहिलं आहे. ओपनबाइकसेन्सर नावाचं असं उपकरण तिथले हौशी लोक स्वतः जोडतात, त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचं सिमरा हे अ‍ॅप फोनच्याच हालचालीवरून अचानक बसलेले ब्रेक आणि हिसके टिपतं, आणि प्रवास संपल्यावर स्वाराला विचारतं की इथे काय झालं होतं. हे सगळं उत्तम आहे. पण सेन्सर बसवण्याच्या नादात दोन-दोन वर्षं गेलेले गट मी बघितलेत. तुमच्याकडे आज तीनशे नोंदी आहेत, आधी त्या वाचा.

आता नकाशावरच्या कोऱ्या जागांबद्दल, कारण माझ्या मते तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. जिथे ठिपका नाही तिथे धोका नाही, असं वाटणं साहजिक आहे. एका भुयारी रस्त्यावर आमच्या नकाशात एकही नोंद नव्हती. दोन्ही टोकांना वस्ती, पलीकडे शाळा, आणि तरी कोरा. सकाळी दोन तास उभं राहिल्यावर कारण कळलं: तिथून सायकल जातच नव्हती. मुलं लांबचा वळसा घालून जात होती, नाहीतर आईबापांच्या गाडीत बसून. रस्ता इतका भयंकर होता की त्याच्याबद्दल तक्रार करायलाही कोणी उरलं नव्हतं.

नोंद न करणारी माणसं कोण, तेही बघा. ऑनलाइन फॉर्म भरतात ते बहुधा तरुण, सराईत, वेगाने चालवणारे, आणि त्यात पुरुष जास्त. ब्रिटनमध्ये संशोधक रेचल अल्ड्रेड यांच्या नियर मिस (म्हणजे थोडक्यात टळलेले प्रसंग) प्रकल्पात सायकलस्वारांनी ठरलेल्या एका दिवसाच्या सगळ्या प्रवासांची रोजनिशी लिहिली होती. त्यात ताशी ८ मैलांहून हळू जाणाऱ्यांना दर मैलामागे जेवढे भीतीदायक प्रसंग आले, ते १२ मैल किंवा अधिक वेगाने जाणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. स्त्रियांच्या वाट्याला पुरुषांपेक्षा जास्त आले, त्यामागेही मुख्यतः वेगातला फरक होता. म्हणजे ज्यांना सर्वाधिक सोसावं लागतं त्यांचाच आवाज तुमच्या नकाशावर क्षीण असण्याची शक्यता मोठी. उपाय साधा आहे, फक्त पाय दुखतात. कागदी नकाशा आणि लाल पेन घेऊन शाळेच्या दारात उभं राहा, पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या दारात उभं राहा, घरपोच सामान पोचवणाऱ्या सायकलवाल्यांना गाठा. 'तुम्ही कुठला रस्ता टाळता?' हा प्रश्न 'तुम्हाला कुठे अपघात झाला?' यापेक्षा जास्त सांगून जातो. फॉर्ममध्येही 'मी हा रस्ता टाळतो' असा एक प्रकार घालाच.

आणि मोजणी. ठिपके जास्त म्हणजे धोका जास्त की सायकली जास्त, या आक्षेपाला दुसरं उत्तर नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, चौकाच्या प्रत्येक बाजूने किती सायकली आल्या आणि कुठे गेल्या, वहीत उभ्या रेघा मारत बसायचं. सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपचा एकत्रित विदा (डेटा) मिळाला तर चित्र व्यापक होतं, पण तिथेही व्यायामाला निघणारे जास्त आणि दूध-भाजी आणणारे कमी असतात. स्वतःच्या मोजणीला पर्याय नाही. चार तासांत दोनशे सायकली जाणाऱ्या चौकातले वीस ठिपके आणि दोन हजार जाणाऱ्या चौकातले वीस ठिपके यांतला फरक टेबलामागच्या माणसाला लगेच पटतो, कारण ही त्याचीच भाषा आहे.

जागेवर काय बघायचं याचंही शास्त्र आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात पर्किन्स आणि हॅरिस यांनी चौकात उभं राहून अपघातांऐवजी ब्रेकचे दिवे आणि अचानक वळवलेल्या गाड्या मोजल्या. पुढे स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात त्या पद्धतीला चांगलं वळण मिळालं. तुम्हाला ती फोनच्या कॅमेऱ्यावर करता येईल. फोन उंच जागी घट्ट बांधा, तासभर चित्रण करा. मग घरी बसून बघा: सायकल ज्या ठिकाणावरून गेली, नेमक्या त्याच ठिकाणी मोटार किती वेळाने पोचली? बहुतेक फोन सेकंदाला ३० चित्रं घेतात. सायकलचं मागचं चाक निघालं त्या चित्रापासून मोटारीचं पुढचं टोक तिथे आलं त्या चित्रापर्यंत मोजा. ४५ चित्रं म्हणजे दीड सेकंद. त्याहून कमी असेल तर आम्ही तो प्रसंग बाजूला काढतो आणि पुन्हा पुन्हा बघतो. पहिल्यांदा मोजाल तेव्हा दचकाल, कारण त्या क्षणी सायकलवाल्याला पुष्कळदा काही कळलेलंही नसतं. नोंदी कितीही आल्या तरी न लिहिलेलं किती असतं, ते तिथे दिसतं.

यानंतर अधिकाऱ्याकडे जा, पण शहरभराचा नकाशा घरी ठेवून. पाच जागा निवडा आणि प्रत्येकीसाठी एक पान करा. वर सायकलच्या सीटवरून काढलेला फोटो, शेजारी हाताने काढलेली आकृती आणि त्यावर बाण, खाली तुमच्या मोजणीचे आकडे, नोंदींतली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी, आणि शेवटी एक स्वस्त उपाय आणि एक पक्का उपाय. स्वस्त म्हणजे रंग, खांब, छाटणी, सिग्नलच्या वेळेतला बदल. पोलिसांचं दप्तर पुढे आलं तर वाद घालू नका. त्यांचे आकडे तुमच्या पानावर आधीच शेजारी लिहून ठेवा, शून्य असेल तर शून्य. आणि एक आतली गोष्ट सांगतो: कोणत्या रस्त्यांवर डांबराचा नवा थर पडणार आहे त्याची यादी बहुतेक विभागांकडे आधीच तयार असते. ती मिळवा. थर पडल्यावर पट्टे पुन्हा आखावेच लागतात, आणि तेव्हा ते वेगळ्या जागी आखायला जवळपास काहीच जास्त खर्च येत नाही. माझ्या कारकिर्दीतल्या सायकलपट्ट्यांपैकी निम्म्या तरी अशाच आल्या असतील, मागणीपत्रावर नव्हे तर डांबराच्या यादीवर स्वार होऊन.

काम झालं की घाईने 'नोंदी घटल्या' असं जाहीर करू नका. शंभर जणांना एकेक फासा टाकायला सांगा, सहा पडलेल्यांना बाजूला घ्या, त्यांच्या फाशावर फुंकर मारा आणि पुन्हा टाकायला सांगा. त्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास येईल आणि फुंकरीचा गुण आला असं वाटेल. सर्वात वाईट वर्ष बघून निवडलेली जागा पुढच्या वर्षी काही न करताही थोडी सुधारलेली दिसते. म्हणून तशाच, पण हात न लावलेल्या दोन-तीन जागांवरही लक्ष ठेवा. नोंदींपेक्षा वागणूक मोजा: गाड्यांचा वेग, किती जण थांबले, ते दीड सेकंदाच्या आतले प्रसंग किती उरले. शिवाय बातमी छापून आली की नोंदी वाढतात, थंडावली की घटतात. रस्ता तोच असतो.

गाड्यांचे नंबर घेऊ नका, निदान या फॉर्ममध्ये तरी नको. नंबर आला की फॉर्म तक्रारवही होतो, कोणीतरी बदनामीची नोटीस पाठवतो आणि तुमचे स्वयंसेवक रस्ते सोडून खुलासे लिहीत बसतात. कोणाला पोलिसांत जायचं असेल तर पोलिसांचा पत्ता फॉर्मखाली द्या, तो मार्ग वेगळा आहे. व्हिडिओतले चेहरे आणि नंबर धूसर केल्याशिवाय नकाशावर चढवू नका. आणि स्वतःच्या नोंदकर्त्यांनाही जपा. एकच व्यक्ती रोज सकाळी सव्वासातला एकाच गल्लीच्या तोंडाशी ठिपका टाकत असेल तर तिचं घर आणि निघायची वेळ तुम्ही जगाला सांगताय. लोकांना दिसणाऱ्या नकाशावर नाव नको, आणि नेमक्या वेळेऐवजी 'सकाळ' पुरे.

पहिल्या फेरीला तिघांनी जा, शक्यतो कोरड्या दिवशी, आणि मग तिथेच एकदा पावसात. एकाने सायकलवरून तो चौक नोंदीतल्या बाणाप्रमाणे दहा वेळा ओलांडायचा, दुसऱ्याने कॅमेरा सांभाळायचा, तिसऱ्याने वही. नोंद केलेली व्यक्ती यायला तयार असेल तर तिला जरूर बोलवा. जागेवर उभी राहिल्यावर ती फॉर्ममध्ये न लिहिलेलं काहीतरी हमखास सांगते.